काकूंचा गॅस, काकांची बोट

शिडाच्या बोटीवर महिनोन्महिने राहणाऱ्या लोकांना सगळ्यात जास्त धास्ती कशाची असते? वादळ, शार्क, समुद्री चाचे अशी उत्तरं मनात आली असतील तर तुम्हीही माझ्यासारखेच सिनेमे जरा जास्त बघता. अ‍ॅनापोलिसच्या धक्क्यावर मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी एकच उत्तर दिलं - आग. वादळाची वर्दी दोन-चार दिवस आधी मिळते, आगीची मिळत नाही. बंब बोलवावा तर येणार कुठून, आणि बाहेर पळावं तर पळणार कुठे!

आता दिवसभर जावा लिहून पोट भरणाऱ्या माणसाने ही उठाठेव का करावी? कारण बाबांचे कॉलेजातले एक मित्र. ते आणि काकू गेली पस्तीस वर्षं मेरीलँडमध्ये आहेत, आमच्या हापिसापासून चाळीस मिनिटांवर. वीकांताला वरणभाताची आठवण झाली की मी तिथे उगवतो, असा आमचा अलिखित करार आहे. काका मागच्या वर्षी निवृत्त झाले आणि त्यांनी लगेच एक ३६ फुटी शिडाची बोट घेतली. बोट १९८४ची, म्हणजे माझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी.

काकांचं हे खूळ जुनंच. २००९-१० मध्ये नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे गोव्यात बांधलेली 'म्हादेई' घेऊन मुंबईहून निघाले आणि एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आले. असं करणारे ते पहिले भारतीय. तेव्हापासून काकांच्या डोक्यात शीड शिरलंय ते शिरलंय. त्यांचा स्वतःचा बेत त्या मानाने किरकोळ आहे. थंडीच्या तोंडावर चेसापीक उपसागरातून खाली नॉरफोक, तिथून किनाऱ्यालगतच्या आतल्या जलमार्गाने फ्लोरिडा, मग गल्फ स्ट्रीम ओलांडून बहामा. तिथे चार-पाच महिने नांगर टाकून पडायचं, पोहायचं, वाचायचं.

काकूंनी दोन अटी घातल्या. एक, मला रोज ताजी पोळी आणि फोडणी करता आली पाहिजे, डबाबंद सूप पिऊन मी पाच महिने काढणार नाही. दोन, मला रात्री झोप लागली पाहिजे.

अटी साध्या वाटतात ना? पण बोटीवर ह्या दोन अटींचं एकमेकींशी मुळीच पटत नाही. पोळीसाठी गॅस लागतो, आणि जाणकार माणसाची झोप ज्यामुळे उडते तोही गॅसच.

बोट घेताना काकांनी सर्व्हेयरकडून तपासणी करून घेतली होती. विमा कंपन्या त्याशिवाय जुन्या बोटीला हात लावत नाहीत. अहवाल चाळीस पानी. त्यात शिडाचे दोर, इंजिन, डेकखालची ओल ह्यांवर पानंच्या पानं, आणि स्वैपाकाच्या गॅसवर मोजून दोन ओळी. सिलिंडरची जागा बोटीच्या आतल्या भागापासून हवाबंद नाही, वापरण्यापूर्वी दुरुस्ती करावी. बास. काकांनी त्या दोन ओळी फार मनावर घेतल्या नव्हत्या.

"अरे, दादरच्या घरात तीस वर्षं सिलिंडर ओट्याखाली होता," काका म्हणाले. "शेजारी आई बसून भाजी निवडायची. काही झालं का कधी?"

मुद्दा बिनतोड वाटतो. आपल्यापैकी बहुतेक जण सिलिंडरच्या शेजारीच वाढलो. पण दादरच्या स्वैपाकघराला एक दार असतं, दाराखाली फट असते आणि पलीकडे गॅलरी असते. स्वैपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. प्रोपेन साधारण दीडपट, ब्यूटेन दुप्पट. गळला तर जमिनीवर पाण्यासारखा पसरतो आणि उताराने मिळेल त्या फटीतून बाहेर जातो. (घरातही स्फोट होतात, नाही असं नाही. पण घराला निदान फटी असतात.) बोटीला फट असून चालत नाही, कारण फट असली तर बोट बुडते. बोट म्हणजे पाण्यावर तरंगणारं एक खोल पातेलं आहे, आणि ज्या पातेल्यात पाणी शिरू शकत नाही त्यातून सांडलेला गॅसही बाहेर जाऊ शकत नाही. तो फळ्यांखाली अगदी तळाशी जाऊन बसतो. त्या तळाला बिल्ज म्हणतात. तिथे काय काय असतं? पाणी वाढलं की आपोआप चालू होणारा पंप, वायरी, जवळच इंजिनचा स्टार्टर. एक ठिणगी पुरते.

काकांना उपमा आवडली, पण पटली नाही. शेवटी मेकॅनिकलची डिग्री कामाला आली. (सहा वर्षांत पहिल्यांदा! तीर्थरूप वाचत असतील तर कृपया नोंद घ्यावी :-)) मी वही काढली.

हवेत प्रोपेनचं प्रमाण आकारमानाने सुमारे २.१ टक्क्यांवर गेलं की ते मिश्रण पेट घेऊ शकतं. साडेनऊ टक्क्यांच्या वर गेलं की हवा अपुरी पडते आणि पेटत नाही. एक किलो प्रोपेन बाहेर पडून पसरला की साधारण ५३० लिटर वायू होतो. म्हणजे एक किलो गॅस सुमारे २५ घनमीटर हवा स्फोटक करू शकतो. काकांच्या बोटीचा आतला भाग आम्ही टेपने मोजला, तर तो ढोबळमानाने वीस घनमीटर भरला. आणि जुन्या जागेतला सिलिंडर ९ किलोचा!

पण भीतीदायक आकडा हा नाहीच. गॅस अख्ख्या बोटीत सारखा पसरत नाही, तो खाली साचतो. एक घनमीटर बिल्ज धोक्याच्या पातळीवर न्यायला किती गॅस लागेल? २१ लिटर. वजनात चाळीस ग्रॅम.

"म्हणजे लाडवाएवढा," काकू म्हणाल्या. त्या इतका वेळ शेंगा सोलत आमचं ऐकत होत्या. मग त्या काकांकडे वळून म्हणाल्या, "अहो, ते दोन ओळींचं काम आधी करून घ्या. मग शिडाचं बघू."

मग पहिला प्रश्न असा की गॅसच कशाला हवा? आम्ही सगळे पर्याय बसून तपासले. जुन्या काळी शिडाच्या बोटींवर सर्रास केरोसीनचे स्टोव्ह असत. रॉकेल हवेत असं उडून जात नाही, जगात कुठेही मिळतं आणि बाटलीत ठेवता येतं. पण काकूंनी हा प्रस्ताव वाक्य पूर्ण व्हायच्या आत फेटाळला. "पंप मारण्यात नि पिना घालण्यात माझं लहानपण गेलं. भडका उडालेला बघितलाय मी शेजारच्या घरात. ते परत नको." स्पिरिटची शेगडी सुरक्षित असते, पण स्पिरिटमध्ये वजनाला प्रोपेनच्या सुमारे साठ टक्केच ऊर्जा, त्यामुळे कुकरची शिट्टी व्हायला युग लोटतं. इंडक्शन हा खरा आजचा पर्याय. लिथियम बॅटऱ्या आणि डेकवर सौर पॅनेल असली तर बरेच जण आता गॅस काढूनच टाकतात. हिशोब केला तर दोघांच्या स्वैपाकाला रोज साधारण एक ते दीड युनिट लागेल, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून शंभर अँपिअर-तासांच्या आसपास. त्यासाठी बॅटऱ्या, इन्व्हर्टर, पॅनेल सगळंच नवं घ्यावं लागलं असतं. काका त्यालाही तयार होते. पण फुलका आचेवर टाकून फुगवायचा तो इंडक्शनवर कसा फुगवणार? मला हा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या निर्णायक वाटला. तुम्हाला वाटत नसेल तर तुम्ही काकूंच्या हातचा फुलका खाल्लेला नाही.

तर गॅसच. आता तो ठेवायचा कुठे?

स्वस्त मार्ग म्हणजे सिलिंडर बोटीच्या मागच्या कठड्याला बाहेरून बांधून टाकायचा. गळला तर सरळ समुद्रावर जातो. नियमांनाही हे चालतं, फक्त सिलिंडर उघड्यावर हवा आणि खिडकी, झरोका वगैरे आत जाणाऱ्या कुठल्याही तोंडापासून लांब हवा. बऱ्याच बोटींवर असं असतं. पण ऊन, खारा वारा आणि धक्क्याला लागताना बसणारे दणके सगळं रेग्युलेटरला सोसावं लागतं. मला स्वतःला बंद लॉकर जास्त पटतो.

लॉकरमागची कल्पना अगदी सुंदर आहे, आणि साधी आहे. गॅस कधीच गळणार नाही असं ती गृहीत धरत नाही. तो गळणारच, असं धरून चालते आणि गळल्यावर त्याने कुठल्या वाटेने जायचं तेवढं ठरवून देते. प्रोग्रॅमर मंडळींना हे लगेच कळेल. एरर येणारच, ती कुठे पकडायची हे आपल्या हातात.

अमेरिकेत ह्यासाठी एबीवायसी ह्या संस्थेचं ए-१ नावाचं मानक आहे, युरोपात आयएसओ १०२३९. तपशिलात फरक असला तरी गाभा एकच. लॉकर बोटीच्या आतल्या भागापासून पूर्ण हवाबंद. तो उघडणार फक्त वरून आणि थेट मोकळ्या हवेत. झाकणाला गॅस्केट आणि कडी. लॉकरच्या तळाला एक भोक आणि त्याला नळी. ती सतत उताराने जाऊन पाण्याच्या पातळीच्या वर बोटीबाहेर उघडली पाहिजे. नळीचा आतला व्यास अमेरिकन मानकात निदान अर्धा इंच, युरोपियन मानकात १९ मिलिमीटर. जिथे ती बाहेर उघडते तिथून वीस इंचांच्या आत बोटीत जाणारं कुठलंही तोंड नको. आणि लॉकरमध्ये गॅसच्या सामानाशिवाय दुसरं काही ठेवायचं नाही. शेवटचा नियम बोटीवर पाळणं सगळ्यात अवघड, कारण तिथे रिकामी जागा दिसली की माणसाचा हात शिवशिवतो. एखादी चिंधी जाऊन भोकावर बसली की सगळं मुसळ केरात.

जुन्या जागेत ह्यातलं काहीच नव्हतं. कॉकपिटच्या बाकाखाली मोठा कप्पा, त्यात सिलिंडर पट्ट्याने बांधलेला, शेजारी दोर, बादल्या, लाइफ जॅकेटं. कप्प्याला मागची भिंतच नाही! हात आत घातला तर थेट इंजिनापर्यंत पोचत होता. १९८४ पासून ही बोट अशीच चालत आली, म्हणजे मधल्या सगळ्या मालकांचं नशीब जोरावर होतं म्हणायचं.

काकांनी फायबरग्लासचा तयार लॉकर मागवला. त्यात ४.५ किलोचे दोन अ‍ॅल्युमिनियमचे सिलिंडर उभे राहतात. लोखंडी सिलिंडर निम्म्या पैशात येतो, पण खाऱ्या हवेत त्याच्या बुडाला गंज चढतोच. फायबरचे अर्धपारदर्शक सिलिंडरही मिळतात. त्यात आतली पातळी डोळ्यांना दिसते, हे मला फार आवडलं होतं, पण आमच्या लॉकरच्या मापात ते बसेनात. अ‍ॅल्युमिनियममध्ये किती उरलंय हे बघायचा उपाय आपल्याकडच्या प्रत्येक घरात माहीत आहे. ओलं फडकं फिरवायचं. जिथवर आत द्रव असतो तिथवरचा ओलावा उशिरा वाळतो. धक्क्यावरच्या एका अमेरिकन आजोबांना काकूंनी हे करून दाखवलं, तर ते अर्धा तास सगळ्यांना बोलावून बोलावून दाखवत होते.

लॉकर बसवण्याचं काम गॅसची कामं करणाऱ्या टेक्निशियनने केलं. हे स्वतः करायचं काम नाही असं माझं स्पष्ट मत आहे, आणि काकांचं तसं नव्हतं, त्यावरून थोडी वादावादीही झाली. पण निचऱ्याची नळी मात्र काका आणि मी बसून आखली, कारण त्यात एक गंमत आहे.

आपल्या न्हाणीघरात नहाणी ट्रॅप असतो. मुद्दाम खोलगट भाग ठेवायचा, त्यात पाणी साचून राहतं आणि गटाराचा वास वर येत नाही. पाणी जातं, वायू अडतो. बोटीच्या नळीत नेमकं ह्याच्या उलट हवं. नळीला कुठेही पोट आलं तर पावसाचं नाहीतर लाटेचं पाणी त्यात साचतं आणि गॅसची वाट बंद होते. वरून बघणाऱ्याला वाटतं की नळी आहे, भोक आहे, सगळं ठीक आहे. लॉकरमध्ये बादली ओतली तर पाणी छान निघूनही जातं! पण जड असला तरी प्रोपेन पाण्याला ढकलण्याइतका जड नाही. म्हणून पाणी जातंय का एवढं बघून भागत नाही. नळी पूर्ण लांबीभर, बोट तिरकी झाली तरी, उतरती राहते का ते बघावं लागतं. आम्ही दर सहा इंचांवर क्लिप मारली.

आता आतली मांडणी. सिलिंडरमधला दाब तापमानावर ठरतो. २१ अंशांना साधारण साडेसात बार, उन्हात ३८ अंशांना बाराच्या आसपास. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो, म्हणजे अंदाज येईल. रेग्युलेटर तो उतरवून पाण्याच्या अकरा इंचांएवढा करतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. हे दाब उतरवण्याचं काम लॉकरच्या आतच व्हायला हवं. मग तिथून एकच अखंड नळी झुलत्या शेगडीपर्यंत जाते, मध्ये कुठेही जोड नाही. जिथे जोड तिथे गळती, आणि सगळे जोड आपण त्या डब्यात कोंडून ठेवलेले आहेत. केवढं हुशारीचं डिझाइन!

रेग्युलेटरच्या आधी एक दाबमापक असतो. बऱ्याच लोकांना वाटतं की तो किती गॅस उरला ते सांगतो. मुळीच नाही. सिलिंडरमध्ये द्रवाचा थेंब असेपर्यंत तो तापमानाप्रमाणे तेवढाच दाब दाखवणार. तो आहे गळती शोधायला. सगळे बर्नर बंद करायचे, सिलिंडर उघडायचा, आकडा बघायचा, सिलिंडर बंद करायचा आणि घड्याळ लावायचं. निदान तीन मिनिटं काटा हलता कामा नये. हलला, तर सिलिंडरपासून शेगडीपर्यंत कुठेतरी गळतंय.

पहिल्या चाचणीला काटा हलला.

भराभर नाही. अगदी सावकाश, तीन मिनिटांत केसभर. टेक्निशियन म्हणाला, तापमानामुळे होत असेल, परत करू. परत केली, परत तेवढाच. काकूंच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही. साबणाचं पाणी केलं, अमोनिया नसलेल्या साबणाचं, कारण अमोनिया पितळ खातो, आणि ब्रशने एकेका जोडाला लावत गेलो. शेगडीचा जोड कोरडा, रेग्युलेटरचा कोरडा. बुडबुडे आले ते दाबमापकाच्याच आट्यांना. गळती शोधायला लावलेलं यंत्रच गळत होतं! टेक्निशियनने जोड उघडला, आट्यांना गॅससाठीचा सीलंट लावून पुन्हा आवळला. मग काकांनी तीनऐवजी पंधरा मिनिटं घड्याळ लावून काट्यासमोर ठाण मांडलं. काटा जागचा हलला नाही.

लॉकरमध्येच एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतो. वीज दिली की उघडतो, वीज गेली की स्प्रिंगने आपोआप मिटतो. त्याचं बटण ओट्याजवळ, लाल दिव्यासकट. दर वेळी कॉकपिटमध्ये जाऊन सिलिंडर बंद करायचा कंटाळा माणूस करणारच, म्हणून ही सोय. काही जुने नावाडी सोलेनॉइडला नावं ठेवतात. चालू असताना तो सतत वीज खातो, खाऱ्या हवेत मरतो. खरं आहे. एक जास्तीचा जवळ ठेवावा हे उत्तम. पण हाताने बंद करीन म्हणणारा माणूस हवा खराब असताना, बोट हेलकावे खात असताना, रात्री अकरा वाजता खरोखर वर जाईल ह्यावर माझा विश्वास नाही. काकूंना मी क्रम सांगितला. स्वैपाक झाला की आधी लाल बटण बंद, नळीतला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्यायची, मग शेगडीचे कान बंद. तीन दिवसांत त्यांना सवय झाली. काका अजून आधी शेगडी बंद करतात आणि ओरडा खातात.

गॅस हुंगणारा सेन्सर लावावा की नाही, ह्यावरही मतभेद आहेत. गॅसला मुद्दाम मर्कॅप्टनचा वास घातलेला असतोच ना, मग यंत्र कशाला? पण आपलं नाक असतं जमिनीपासून पाच फुटांवर आणि गॅस घोट्याशी. झोपेत तर नाकावर भरवसाच नाही. त्यातून काकांचं नाक २०२१ मध्ये कोविड झाल्यापासून नीट चालत नाही. हिंगाचा वास त्यांना येत नाही, ह्यावर काकू हळहळतात तेव्हा मला आधी गंमत वाटायची. बोटीच्या संदर्भात ती वाटेनाशी झाली. म्हणून सेन्सर लावला, शेगडीजवळ, खाली जमिनीलगत. असे सेन्सर रंगाच्या नाहीतर स्पिरिटच्या वाफांनीही कोकलतात, आणि मग वैतागून लोक त्यांची वायर काढतात. आमच्या हापिसात सर्व्हरच्या धोक्याच्या ईमेल सरळ एका फोल्डरमध्ये पाठवणारे महाभाग आहेत, त्यातलाच प्रकार. वायर काढायची नाही, हे काकांकडून वदवून घेतलं.

एवढं सगळं झाल्यावर मी निर्धास्त होतो. जून महिन्यातला शनिवार. काकू आतल्या बर्थखालचे कप्पे पुसायला बसल्या होत्या. मागच्या बाजूचा तो अरुंद बर्थ त्यांनी स्वतःसाठी निवडला होता, कारण तिथे बोट कमी हलते. "हे काय रे?" म्हणून त्यांनी मला हाक मारली. कप्प्याच्या कोपऱ्यात हिरव्या रंगाचे तीन छोटे सिलिंडर. कॅम्पिंगसाठी मिळतात ते, प्रत्येकी एक पौंडाचे. आधीच्या मालकाचे. कठड्याला लावलेल्या बार्बेक्यूसाठी वापरत असणार. दोन कोरे होते, एक वापरून परत ठेवलेला.

ह्या डब्यांचा व्हॉल्व्ह एकदा उघडून काढला की परत घट्ट मिटेलच असं नसतं. मी तिघांनाही उचलून डेकवर नेलं आणि वापरलेल्याच्या तोंडाला साबणाचं पाणी लावलं. बुडबुडे. अगदी बारीक, मोहरीएवढे, थांबून थांबून येत होते.

भरलेल्या डब्यात ४५० ग्रॅम. हा हलवून बघितला तर निम्मा असेल. चाळीस ग्रॅमचा हिशोब काकूंच्या डोक्यात पक्का बसलेला होता, त्यांना काही सांगावं लागलं नाही. हजारेक डॉलरचा लॉकर बसवला, नळीला उतार दिला, काटा पंधरा मिनिटं बघितला, आणि हा पठ्ठ्या सगळा वेळ उशीखाली बसून होता. सर्व्हेयरच्या चाळीस पानांत तो नव्हता, कारण सर्व्हेयर बसवलेली यंत्रणा तपासतो. कप्प्यातलं सामान तपासणं त्याचं काम नाही.

त्या दिवशी काका, काकू आणि मी बोटीतला एकूण एक कप्पा रिकामा केला. संध्याकाळचे सात वाजले. अजून एक जुना लायटरचा डबा आणि तळ गंजलेला कसला तरी स्प्रे सापडला, गॅसचं दुसरं काही नाही. हिरवे तिन्ही डबे गावाच्या घातक कचरा केंद्रात देऊन आलो. बार्बेक्यूही काकांनी मुकाट्याने विकला. तो मोठ्या सिलिंडरवर जोडता येतो, पण काकूंना आता ते नावच नको होतं.

आता राहिला पुरवठ्याचा हिशोब. एक मध्यम बर्नर पूर्ण आचेवर साधारण दोन किलोवॅटचा धरला तर तासाला दीडशे ग्रॅमच्या आसपास प्रोपेन खातो. ४.५ किलोत तीसेक तास. दोघांचा स्वैपाक आणि दिवसातून चार वेळा चहा (काका!) धरून रोज दीड तास, म्हणजे एक सिलिंडर वीस दिवस. दोन मिळून चाळीस. बहामाच्या लहान बेटांवर सिलिंडर देऊन भरून यायची वाट बघावी लागते, म्हणून पहिला संपला की लगेच भरायला द्यायचा, दुसरा संपायची वाट बघायची नाही, असं ठरलंय. तिथे अमेरिकन पद्धतीचे जोड चालतात. हेच युरोपात किंवा आपल्याकडे यायचं असतं तर प्रत्येक देशाचा व्हॉल्व्ह वेगळा, दाब वेगळा, आणि भरणाऱ्याच्या मिनतवाऱ्या. भरताना ऐंशी टक्क्यांवर थांबायला सांगायचं, कारण उन्हात द्रव फुगतो आणि त्याला जागा लागते. काकूंनी हे एका चिठ्ठीवर लिहून लॉकरच्या झाकणाला आतून चिकटवलंय, इंग्रजीत, भरणाऱ्याला दाखवायला.

गेल्या शनिवारी आम्ही धक्क्यावरून सुटून खाडीच्या तोंडाशी नांगर टाकला आणि रात्री तिथेच राहिलो. पिठलं, फुलके, भात. शेगडी झुलत होती आणि फुलका फुगताना आच एका बाजूला कलत होती, पण फुगला. मी पुढच्या केबिनमध्ये झोपलो. पहाटे पाणी प्यायला उठलो तर लाल दिवा बंद होता आणि मागच्या बर्थवरून काकूंचं घोरणं ऐकू येत होतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात निघायचं आहे. नॉरफोकपर्यंत मीही जाणार आहे. रजेचा अर्ज टाकलाय, साहेबाने अजून उघडलेला नाही.